दुडकी, रेवाल आणि पेस : घोड्याची चाल मराठीत कशी लिहायची?

प्रश्न असा आलाय की अमेरिकेतल्या हार्नेस रेसिंगवर, म्हणजे दोनचाकी हलक्या गाडीला जुंपलेल्या घोड्यांच्या शर्यतींवर मराठीत लिहायचंय, त्यात ट्रॉटर आणि पेसर असे दोन प्रकारचे घोडे येतात, तर दोघांनाही 'दुडकी चालीचे' म्हटलं तर चालेल का, आणि पेसला आपला 'रेवाल' शब्द वापरता येईल का.

माझ्या मते दोन्ही नको. चाल वेगावरून ठरत नाही, कुठले पाय एकदम पडतात आणि टापा किती ऐकू येतात त्यावरून ठरते.

ट्रॉटला दुडकी हा शब्द अगदी चपखल आहे, तो बिनधास्त वापरा. दुडकीत पुढचा उजवा आणि मागचा डावा पाय एकदम पडतात, मग पुढचा डावा आणि मागचा उजवा, म्हणजे तिरकी जोडी. टांग्याचा घोडा डांबरी रस्त्यावरून जाताना जी टक्-टक्, टक्-टक् अशी दोन ठोक्यांची टाप ऐकू यायची ती हीच, आणि खोगिरावर बसलेल्याला ही चाल वरखाली उडवते.

पेसमध्येही ठोके दोनच, पण जोडी एका बाजूची! उजवीकडचे पुढचा-मागचा दोन्ही पाय एकदम, मग डावीकडचे दोन्ही. पळणारा उंट बघितलाय ना, तसंच. त्यामुळे अंग वरखाली न होता डावी-उजवीकडे झुलतं. शर्यतीत बहुतेक पेसरना हॉपल्स घालतात, म्हणजे एकाच बाजूच्या पुढच्या-मागच्या पायांभोवती पट्ट्यांची कडी असतात, ती जोडी सुटू देत नाहीत. वेगातही पेसर थोडे सरस. मैलाला म्हणजे साधारण १६०९ मीटरला २०२२ मध्ये बुलडॉग हॅनोव्हर या पेसरने १ मिनिट ४५.८ सेकंद घेतले, तर ट्रॉटर होमिसाइड हंटरची २०१८ ची वेळ १ मिनिट ४८.८ सेकंद. दोघंही स्टँडर्डब्रेड, एकाच जातीचे, तरी दोघांना सरसकट दुडकीत घातलं तर शर्यतीतला मुख्य फरकच वाचकाला कळणार नाही.

आता रेवाल. (कुणी रवालही म्हणतात.) मारवाडी आणि काठियावाडी घोड्यांची ही चाल, आणि दत्तजयंतीच्या सुमारास तापीकाठी सारंगखेड्याला घोड्यांचा बाजार भरतो तिथे रेवाल चालीवर किती जीव टाकतात लोक ते बघण्यासारखं असतं. मागचा डावा, पुढचा डावा, मागचा उजवा, पुढचा उजवा असे चार पाय एकामागून एक पडतात, चार टापा वेगवेगळ्या ऐकू येतात, कुठला ना कुठला पाय जमिनीला असतोच, म्हणून पाठ उसळत नाही आणि स्वाराची मांड हलत नाही. म्हणजे क्रम एका बाजूचा असला तरी चार ठोक्यांची ती चाल, पेस नव्हे. आइसलँडच्या घोड्यांकडे बघा, त्यांच्यात या दोन्ही धाटणीच्या चाली आहेत आणि त्या लोकांनी नावंही दोन ठेवलीत, चार ठोक्यांची मऊ चाल ती 'टोल्ट' (त्यावर बसून बिअरचा मग न सांडता न्यायच्या स्पर्धाही होतात) आणि दोन ठोक्यांची, छोट्या अंतरावर जोरात पळवायची ती 'स्केइथ'. आपला रेवाल टोल्टच्या घराण्यातला, तो पेसला देऊन टाकला तर उद्या खऱ्या रेवालला काय म्हणणार?

अमरकोशातली, म्हणजे जुन्या संस्कृत शब्दकोशातली, घोड्याच्या चालींची आस्कंदित, धौरितक, रेचित, वल्गित, प्लुत ही पाच नावं मला फार आवडतात, पण त्यातलं एखादं उचलून पेसला चिकटवू नका, वाचणाऱ्याच्या डोळ्यासमोर काहीच उभं राहणार नाही. सरळ 'पेस' लिहा आणि पहिल्यांदा येईल तिथे 'एका बाजूचे दोन्ही पाय एकदम टाकायची चाल' एवढं सांगून टाका, पुढे वाचक आपोआप सरावतो.

आणि एक महत्त्वाचं, जे विचारलेलं नाही पण चुकायची खात्री आहे. जोरात पळणारा घोडा म्हटलं की आपल्या हातून 'चौखूर' लिहिलं जातं. या शर्यतींत ते लिहू नका! चौखूर म्हणजे गॅलप, आणि ट्रॉटर किंवा पेसर गॅलपला लागला तर तो दोष धरतात, हाकणाऱ्याला लगाम खेचून घोडा परत चालीवर आणावा लागतो, आणि तेवढ्यात बाकीचे पुढे निघून जातात. २०१२ मध्ये डीएमआरटी३ या जनुकातला जो बदल सापडला तो या घोड्यांत आणि आइसलँडच्या घोड्यांतही आहे, आणि त्याच्यामुळेच एवढ्या वेगातसुद्धा घोडा गॅलपला न लागता आपली चाल धरून राहू शकतो. तेव्हा नुसता वेग सांगायचा असेल तर 'भरधाव' लिहा, त्यात चालीचा संबंध नाही. आणि घोडा गॅलपला लागलाच तर 'शेवटच्या वळणावर घोड्याने चाल मोडली' असं लिहा, घोडेवाल्यालाही कळेल आणि पेपर वाचणाऱ्यालाही.