पुण्यातील तरुणांच्या करिअर-तयारीसाठी सार्वजनिक निधी कुठून येतो, आणि तो योग्य ठिकाणी पोहोचतो का?

हा निधी एकाच तिजोरीतून येत नाही. राज्य शासनाच्या २०२४ मधील मुख्यमंत्री युवा कार्य प्रशिक्षण योजनेत १८ ते ३५ वयोगटातील उमेदवारांना दरमहा विद्यावेतन देण्याची तरतूद झाली: बारावी उत्तीर्णांना ६,०००, आयटीआय किंवा पदविकाधारकांना ८,००० आणि पदवीधरांना १०,००० रुपये. शहरपातळीवर, औंधपासून सुरू झालेली लाइटहाऊस केंद्रे, म्हणजे तरुणांना करिअर-समुपदेशन आणि कौशल्य-प्रशिक्षण देणारी केंद्रे, महापालिकेने दिलेली जागा आणि कंपन्यांचा सामाजिक दायित्व निधी यांच्या जोडीवर उभी राहिली.

माझ्या मते खरी उणीव पात्रतेच्या उंबरठ्यावर आहे. येरवड्यातील किंवा जनता वसाहतीतील जो मुलगा दहावीनंतर शिक्षण सोडून मिळेल ते काम करतो, तो या राज्य योजनेत बसतच नाही. आणि कोणता व्यवसाय आपल्याला जमेल, मुलाखतीत कसे बोलावे, हे समजावून सांगणाऱ्या समुपदेशनाची सर्वाधिक गरज त्यालाच असते. सामाजिक दायित्व निधी कंपनीच्या नफ्यावर आणि पसंतीवर अवलंबून असल्यामुळे दरवर्षी तेवढाच मिळेल याची शाश्वती नसते. म्हणूनच महापालिकेच्या अंदाजपत्रकात या समुपदेशनासाठी स्वतंत्र लेखाशीर्ष, म्हणजे खर्चाची वेगळी नोंद, असावे, आणि स्थायी समितीत अंदाजपत्रकावर चर्चा होण्यापूर्वी नागरिकांनी तशी लेखी मागणी क्षेत्रीय कार्यालयात नोंदवावी.