वाचकांचे प्रश्न : अमेरिका खंडांतील टाचण्या

प्रश्न : आमच्या घरामागच्या रानातून एक ओढा वाहतो. जून-जुलैत त्याच्या काठी काळ्याभोर पंखांच्या, चमकदार हिरव्या अंगाच्या टाचण्या (चतुरासारखे, पण सडपातळ अंगाचे कीटक) दिसतात. काहींच्या पंखांच्या टोकापाशी मात्र पांढरा ठिपका असतो. या दोन निराळ्या जाती आहेत का? ठिपकेवाली पाण्यात शेपूट बुडवून बसली की बिनठिपक्याची एक टाचणी जवळच ठाण मांडून बसते, ती कशासाठी? (एक वाचक, एडिसन, न्यू जर्सी)

उत्तर : जात एकच आहे. हे कॅलोप्टेरिक्स मॅक्युलाटा आहे. उत्तर अमेरिकेच्या पूर्व भागातील सावलीच्या ओढ्यांवर ती सर्रास आढळते. हिरव्या अंगाचा, बिनठिपक्याचा तो नर आणि किंचित फिकट, धुरकट पंखांची, पांढऱ्या ठिपक्याची ती मादी. मादी बुडालेल्या पाणवनस्पतींच्या देठांत अंडी घालत असते आणि नर दुसऱ्या नरांना तिच्यापाशी फिरकू देत नाही.

या पहाऱ्यामागचे कारण जोनाथन वागे या संशोधकाने 1979 साली याच जातीवर केलेल्या अभ्यासातून उघड झाले, आणि कीटकशास्त्रातील तो एक अतिशय मोलाचा शोध आहे असे मला वाटते. मादी आधीच्या नराचे शुक्राणू आपल्या शरीरात साठवून ठेवते. नव्या नराच्या जननेंद्रियावर मागे वळलेले बारीक केस असतात. मीलनाच्या पहिल्या टप्प्यात तो त्यांच्या साहाय्याने हा साठा खरवडून बाहेर काढतो आणि मगच स्वतःचे शुक्राणू आत सोडतो. वागे यांच्या मोजणीनुसार जुन्या साठ्यापैकी 88 ते 100 टक्के शुक्राणू असे काढून टाकले जात होते. म्हणजे मीलन झाले तरी अंडी घातली जाईपर्यंत नराचे पितृत्व पक्के नसते. तेवढ्या वेळात दुसरा नर आला, तर याचे श्रम वाया जातात. सह्याद्रीतील ओढ्यांवर दिसणारी, मागचे पंख हिरवे झळकवणारी निउरोबेसिस चायनेन्सिस ही याच कुळातली आहे, म्हणून भारतात आलात की तिच्याही जोड्यांकडे असेच लक्ष देऊन पाहावे.

प्रश्न : जगातली सर्वांत मोठी टाचणी अमेरिकेत असते असे वाचले. ती केवढी असते आणि काय खाते? (इयत्ता आठवीतील एक विद्यार्थिनी, सातारा)

उत्तर : तू वाचलेस ते बरोबर आहे. मेगॅलोप्रेपस सेरुलेटस ही टाचणी मेक्सिकोपासून बोलिव्हियापर्यंतच्या दमट जंगलांत राहते. तिचे पंख पसरले की एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंतचे अंतर 19 सेंटिमीटरपर्यंत भरते, म्हणजे तुझ्या 15 सेंटिमीटरच्या पट्टीपेक्षाही ते चार सेंटिमीटर जास्त! आजच्या सगळ्या चतुर-टाचण्यांत पंखांचा एवढा पसारा दुसऱ्या कुणाचाही नाही. पंखांच्या टोकाकडे गडद निळा पट्टा असतो, आणि ती चारही पंख इतक्या संथपणे हलवते की जंगलाच्या अंधुक उजेडात नुसते निळे पट्टेच फिरताना दिसतात.

तिचे खाणे म्हणजे कोळी. जाळ्यासमोर ती हवेत स्थिर राहते, अंदाज घेते, झडप घालून जाळ्यातला कोळी उचलते आणि स्वतः न अडकता मागच्या मागे उडत बाहेर पडते. मग एखाद्या फांदीवर बसून कोळ्याचे पाय तोडून टाकते आणि मऊ पोट खाते.

मला याहून जास्त महत्त्वाचे वाटते ते तिचे बालपण. तिची पिल्ले ओढ्यात किंवा तळ्यात वाढत नाहीत, तर झाडाच्या ढोलीत साचलेल्या पावसाच्या पाण्यात वाढतात. पनामा कालव्यासाठी तयार केलेल्या गाटुन जलाशयातील बारो कोलोराडो बेटावर ओला फिंके यांनी वर्षानुवर्षे या ढोल्यांचा अभ्यास केला. पिल्ले तिथे डासांच्या अळ्या आणि बेडकांची पिल्ले खातात, आणि अन्न कमी पडले की एकमेकांनाही खातात, त्यामुळे लहान ढोलीतून बहुधा एकच टाचणी जिवंत बाहेर पडते. मोठ्या ढोलीत पुष्कळ अन्न मिळून थोराड नर तयार होतात, आणि पुढे मोठ्या ढोल्यांवर ताबा मिळवतात तेही असेच थोराड नर. जुनी, पोकळ झालेली मोठी झाडे तोडली गेली की अशा ढोल्या राहत नाहीत, आणि लावलेल्या नव्या रोपांत त्या तयार व्हायला अनेक दशके जावी लागतात. म्हणून जंगल नुसते हिरवे दिसले तरी या टाचणीच्या दृष्टीने ते ओसाड असू शकते.

हिच्याच जवळची मेसिस्टोगास्टर मोडेस्टा ही कोस्टा रिकातील टाचणी तर झाडांवर वाढणाऱ्या, अननसाच्या कुळातल्या वनस्पतींच्या पानांच्या बेचक्यांत साचलेल्या पाण्यात वाढते. फिलिप कॅल्व्हर्ट यांनी 1909-10 मध्ये तिथे राहून तिच्या पिल्लांचा अभ्यास केला.

प्रश्न : टाचण्यांत नराशिवाय प्रजनन होते का? (एक वाचक, पणजी)

उत्तर : एका ठिकाणी होते. इश्नुरा हास्टाटा ही जेमतेम अडीच सेंटिमीटर लांबीची टाचणी अमेरिका खंडांत सर्वदूर आहे आणि तिथे नर-मादी दोन्ही असतात. ही जात वाऱ्यावर फार दूर जाते. पोर्तुगालच्या पश्चिमेला अटलांटिक महासागरात असलेल्या अझोर्स बेटांवर मात्र तिच्या फक्त माद्या आहेत, आणि त्यांच्या अफलित अंड्यांतून पुन्हा माद्याच जन्मतात. चतुर आणि टाचण्यांच्या साऱ्या गणात असे नैसर्गिक उदाहरण दुसरे माहीत नाही.

प्रश्न : मिशिगनमधील तळ्यांवर निळ्या टाचण्यांचे फोटो काढले; सगळ्या सारख्याच दिसतात. ओळखायच्या कशा? (एक वाचक, डेट्रॉइट)

उत्तर : आधी बसण्याची जागा पाहावी. उघड्या दगडावर किंवा जमिनीवर, पंख पाठीच्या वर उचलून बसलेली असेल तर ती बहुधा आर्जिया; या प्रजातीत शंभराहून अधिक जाती आहेत आणि सर्व अमेरिका खंडांतल्याच आहेत. गवताच्या काडीवर पंख शरीरालगत मिटून बसलेली असेल तर ती बहुधा एनालॅग्मा या दुसऱ्या प्रजातीतली. एनालॅग्माच्या जाती मात्र रंगावरून सहसा उलगडत नाहीत. नराच्या शेपटीच्या टोकाचा चिमटा भिंगातून पाहावा लागतो, कारण मादीला धरण्याचा तो चिमटा प्रत्येक जातीत निराळ्या घडणीचा असतो. म्हणून फोटो बाजूने आणि शेपटीच्या टोकावर नेम धरून काढावा.

तळ्याची माहितीही उपयोगी पडते. मार्क मॅकपीक यांच्या अभ्यासानुसार काही एनालॅग्मा माशांच्या तळ्यांत वाढतात, तर काही बिनमाशांच्या, जिथे चतुरांची मोठी पिल्ले हेच मुख्य भक्षक असतात. माशापुढे पोहून सुटका नसते, म्हणून पहिल्या प्रकारची पिल्ले निपचित दबून राहतात. चतुराच्या पिल्लापासून मात्र पोहून निसटता येते, म्हणून दुसऱ्या प्रकारच्या पिल्लांचे शेपटीकडचे पानांसारखे कल्ले रुंद असतात आणि ती पिल्ले जोराने पळतात. तेव्हा पुढच्या वेळी फोटोसोबत त्या तळ्यात मासे आहेत की नाहीत, हेही अवश्य कळवावे.