वाचकांचे प्रश्न : प्रतिक्षिप्त, अंगवळणी की धसका?

प्रश्न : क्रिकेटच्या बातम्यांत 'स्लिपमध्ये घेतलेला प्रतिक्षिप्त झेल' असं वाचायला मिळतं. शाळेत मात्र चटका बसताच हात मागे घेणं म्हणजे प्रतिक्षिप्त क्रिया, असं शिकवलं होतं. मग झेल प्रतिक्षिप्त कसा? (सोलापूर)

उत्तर : नाहीच. 'प्रतिक्षिप्त' म्हणजे उलट फेकलेलं. बाहेरून आलेला धक्का मेरुरज्जू किंवा मेंदूच्या तळाचा भाग तिथल्या तिथे परत फेकतो, विचारपूस करत नाही. चटका बसला की हात आधी मागे येतो आणि 'आई गं' नंतर निघतं, ते यामुळेच. डॉक्टर गुडघ्याच्या वाटीखालच्या कंडरेवर हातोडी मारतात, तेव्हा मांडीचा स्नायू किंचित ताणला जातो. तो निरोप कमरेच्या भागातल्या मेरुरज्जूपर्यंत जाऊन परत येतो आणि स्नायूत २० ते ३० मिलिसेकंदांत हालचालीचा विद्युतसंदेश दिसतो. पाय फारसा उडत नसेल, तर डॉक्टर रुग्णाला दोन्ही हातांची बोटं एकमेकांत अडकवून जोरात ओढायला सांगतात. मग झटका ठळक येतो.

डोळ्यांनी पाहून हात हलवायचा तर साधारण २०० मिलिसेकंद लागतात, म्हणजे सात ते दहा पट वेळ. स्लिपमधल्या क्षेत्ररक्षकाने बॅटच्या कडेला लागून आलेले हजारो चेंडू सरावात झेललेले असतात. फलंदाजाच्या बॅटचा कोन दिसताच त्याचा अंदाज सुरू होतो. अशा झेलाला मराठीत 'हात बसलेला' म्हणतात. पोळी लाटायला हात बसतो, तबल्यावर बसतो, झेलावरही बसतो. बातमीत 'निमिषार्धात घेतलेला झेल' लिहावं, शास्त्राला ओढून आणू नये.

शंका आली तर दोन गोष्टी तपासा. नवजात बाळात ती क्रिया दिसते का? आणि ठरवून ती रोखता येते का? डोळ्याच्या बुबुळाला काही टेकलं की पापणी मिटते, हे जन्मापासून असतं. नुसता हात डोळ्यांकडे झपकन आणला की पापणी मिटणं मात्र बाळाला काही महिन्यांनी येतं. दोन्ही सारखंच दिसतं, पण एक उपजत आहे आणि दुसरं अनुभवाने आलेलं.

प्रश्न : मग चिंच पाहून तोंडाला पाणी सुटतं, ते उपजत की शिकलेलं? आणि अशा शिकण्याला पुस्तकं 'अभिसंधान' म्हणतात, तो शब्द इतका जड का? (सातारा)

उत्तर : चिंच जिभेवर ठेवल्यावर सुटणारं पाणी उपजत. ती पाहून, किंवा हे वाचतानाच सुटलेलं पाणी शिकलेलं. ज्याने चिंच कधी खाल्लेलीच नाही, त्याच्या तोंडाला ती पाहून काही होत नाही.

रशियन शरीरक्रियाशास्त्रज्ञ इव्हान पाव्हलॉव्ह यांनी कुत्र्यांवर मोजलं ते हेच. त्यांना १९०४ सालचं नोबेल मिळालं ते पचनसंस्थेच्या कामासाठी, या कामासाठी नव्हे, ही गल्लत फार होते. कुत्र्याच्या लाळग्रंथीची नळी शस्त्रक्रियेने गालाबाहेर आणून ते लाळ मोजत. घंटा वाजवून अन्न देत राहिलं की पुढे नुसत्या घंटेनेही कुत्र्याला लाळ सुटते, ही गोष्ट सगळ्यांना पाठ आहे, पण प्रयोगांत ताल मोजणाऱ्या मेट्रोनोमची टिकटिक, बझर, दिवा, कातडीला स्पर्श असे अनेक इशारे वापरले जात. इशारा अन्नाच्या किंचित आधी यावा लागतो. अन्न आधी आणि इशारा मागून आला, तर जोडणी सहसा होत नाही.

शब्दाबद्दल. 'संधान' म्हणजे जोडणं, शरसंधानातलं. इशारा आणि अन्न यांची सांधेजोड म्हणून 'अभिसंधान'. शब्द जड आहे, पण चुकीचा नाही. पाव्हलॉव्ह यांच्या मूळ रशियन शब्दाचा अर्थ मात्र 'सशर्त', म्हणजे अटीवर अवलंबून, असा होतो. इंग्रजी भाषांतरात त्याचं 'घडवलेली' असं झालं आणि जगभर तोच अर्थ रुळला. आमच्या मते 'सशर्त' जास्त नेमका होता. टिकटिकीनंतर अन्न येईल ही अट पाळली जाते तोवरच लाळ सुटते. अट सलग मोडत गेली की लाळ कमी होत थांबते.

एखाद्याला 'पाव्हलॉव्हचा कुत्रा' म्हणणारे लोक 'बिनडोक, इशाऱ्यावर नाचणारा' असा अर्थ घेतात. ते कुत्रे बिनडोक नव्हते. पुढे काय येणार आहे, हे त्यांना कळलं होतं.

प्रश्न : सवय, वळण, खोड, लकब, चाळा या शब्दांत फरक काय? (डोंबिवली)

उत्तर : 'सवय' सर्वसाधारण. 'वळण' दुसऱ्याने लावलेलं असतं, म्हणून 'मुलांना चांगलं वळण लावलं' म्हणतात. 'खोड' इतरांना खुपते. 'लकब' ही ओळख पटवणारी ढब, तिच्यात तक्रार नाही. 'चाळा' बहुधा हाताबोटांचा आणि निरर्थक, पेनाचं टोपण उघडत-मिटत बसण्यासारखा. 'अंगवळणी पडणं' म्हणजे क्रियेतून लक्ष निघून जाणं. मुरलेला चालक शेजारच्या सीटवर बसला तरी त्याचा उजवा पाय ब्रेक शोधतो, ते अंगवळणी पडलेलं. या शब्दांच्या मुळाशी बहुतेक वेळा परिणामातून आलेलं शिक्षण असतं. पाठ्यपुस्तकं त्याला 'साधक अभिसंधान' म्हणतात.

प्रश्न : एकवीस दिवसांत सवय लागते, हे खरं का? (अकोला)

उत्तर : नाही. मॅक्सवेल माल्ट्झ या अमेरिकी प्लास्टिक सर्जनने १९६० मध्ये लिहिलं होतं की, बदललेल्या चेहऱ्याला सरावायला रुग्णांना किमान २१ दिवस लागतात. त्यातलं 'किमान' गळलं आणि 'चेहरा'ही गळला. लंडनमध्ये ९६ जणांवर झालेल्या अभ्यासात नवी कृती आपसूक होण्याचा मध्यक ६६ दिवस आला. काहींना १८ दिवस पुरले, तर काहींचा अंदाज २५४ दिवसांपर्यंत गेला. एखादा दिवस चुकल्याने मोठं बिघडलं नाही. कृती ठरलेल्या इशाऱ्याला बांधायची असते. 'रोज चालेन' याला इशाराच नाही. 'सकाळचा चहा झाला की चप्पल घालेन' याला आहे.

प्रश्न : चार वर्षांचा मुलगा पांढरा कोट दिसला की रडू लागतो. आता केशकर्तनालयातल्या पांढऱ्या एप्रनलाही घाबरतो. काय करावं? (नांदेड)

उत्तर : इंजेक्शनची कळ कोटाला जोडली गेली आणि कोटावरून एप्रनवर पसरली. दुधाने तोंड पोळलं की ताकही फुंकून प्यावं लागतं, ते हेच.

१९२४ साली अमेरिकी मानसशास्त्रज्ञ मेरी कव्हर जोन्स यांनी सशाला भिणाऱ्या मुलावर वापरलेली रीत अजूनही उपयोगी आहे. मूल आवडीचं खात असताना भीतीची वस्तू लांब ठेवायची आणि मूल निवांत राहील तेवढीच दर खेपेला जवळ आणायची. आधी घरात खुंटीला पांढरा सदरा, मग तो घातलेला बाबा, मग खेळण्यातला स्टेथोस्कोप, मग सुई न टोचता दवाखान्यात पाच मिनिटांची फेरी. मूल बिचकलं तर एक पायरी मागे या. घाई केली तर उलट जोडणी होते आणि खाऊच नकोसा होतो. दरम्यान 'रडलास तर सुई देतील' ही धमकी घरात कुणीही द्यायची नाही, कारण तिने मोडत आलेली अट पुन्हा पक्की होते. खरी लस असेल त्या दिवशी 'दुखणार नाही' असंही सांगू नका. क्षणभर टोचेल, एवढं खरं सांगा.

महिनाभराने नव्या दवाखान्यात मूल पुन्हा रडलं तर केलेलं वाया गेलं असं नाही. मावळलेली प्रतिक्रिया मध्ये खंड पडल्यावर किंवा जागा बदलल्यावर डोकं वर काढते, पण बहुधा आधीपेक्षा फिकी असते आणि दुसऱ्या वेळी लवकर ओसरते. भीतीने झोप किंवा खाणं बिघडलं असेल, तर बालमानसतज्ज्ञांना दाखवा.

प्रश्न : हल्ली सगळे 'मी ट्रिगर झालो' म्हणतात. मराठीत काय म्हणावं? (पुणे)

उत्तर : आधी काय झालं ते ठरवा. नुसता राग आला असेल तर 'डोकं फिरलं'. जुनं दुःख आठवलं असेल तर 'खपली निघाली'. कुणी मुद्दाम डिवचलं असेल तर 'दुखऱ्या नसेवर बोट ठेवलं'. आणि अपघातानंतर नुसत्या ब्रेकच्या आवाजानेही छाती धडधडत असेल, तर 'त्या आवाजाचा धसका घेतलाय'. सशर्त भीतीला एवढा नेमका शब्द पाठ्यपुस्तकांतही नाही.