गोवा विद्यापीठातून एम.एस्सी. केलेल्यांचं पुढे काय होतं? गोव्यात राहून करिअर होतं का, की बाहेर पडावंच लागतं?

शेवटच्या वर्षाला आहेस म्हणजे माझ्या मुलाच्या वयाचा, म्हणून 'तू' म्हणते. राग मानू नको.

हा प्रश्न कोणीही विचारला की उत्तर तयारच असतं: बंगळूर गाठ, पुणे गाठ, जमलं तर जर्मनी, गोव्यात काय ठेवलंय? सांगणारे बहुतेक बाहेर गेलेले असतात. मी न गेलेली. रसायनशास्त्र, नव्वदच्या दशकातली बॅच. विद्यापीठाच्या ताळगाव पठारावरून उतरले ती फार तर वेर्ण्याच्या औद्योगिक वसाहतीपर्यंत पोचले.

काही वर्षांपूर्वी आमच्या विभागाच्या जुन्या विद्यार्थ्यांचा मेळावा झाला. त्यात एक स्मरणिका काढली होती, कोण कुठे आहे ते सांगणारी. अमेरिका, कॅनडा, सिंगापूरवाल्यांना प्रत्येकी एक पान. फोटो, हुद्दा, मागे बर्फ. मग बंगळूर-हैदराबादवाल्यांना अर्धं अर्धं पान. आणि मलपृष्ठाच्या आतल्या बाजूला बारीक टायपात 'गोव्यातच असलेले' अशी नुसती नावांची यादी. त्यात मी होते, तेही माहेरच्या नावानं. लग्नाला वीसेक वर्षं होऊन गेली होती!

आता त्या बारीक टायपातली माणसं कोण, ते सांगते. तुझ्या प्रश्नाचं खरं उत्तर तिथेच आहे.

सगळ्यात वरचं नाव सत्तरच्या दशकातल्या एका सरांचं. तेव्हा गोवा विद्यापीठ नव्हतंच, ते आलं १९८५ साली. त्याआधी पणजीत मुंबई विद्यापीठाचं पदव्युत्तर केंद्र होतं, त्यामुळे सरांच्या प्रमाणपत्रावर मुंबईचा शिक्का. मुक्तीनंतर भाऊसाहेब बांदोडकरांच्या काळात गावोगाव शाळा निघाल्या आणि शिकवायला माणसं कमी पडत होती. पदवीवाला दिसला की त्याला मास्तर करायचे. सर एका हायस्कुलात लागले आणि तिथूनच निवृत्त झाले. पेडण्यातल्या दोन पिढ्यांना आवर्त सारणी त्यांनी पाठ करायला लावली. स्मरणिकेत त्यांच्या वाट्याला एक ओळ.

ऐंशीच्या दशकातली मंडळी वेगळ्याच गोष्टी सांगतात. १९८६ च्या जुलैत मांडवीवरचा पूल कोसळला आणि बार्देश, पेडणे, डिचोलीकडची मुलं बेतीहून फेरीबोटीनं पणजीला जायला लागली. त्यात भाषेचं आंदोलन, बंद, रस्त्यावर आडवी झाडं. त्यातली काही बँकेत गेली, काही दोनापावलाला एनआयओत, म्हणजे राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्थेत लागली, आणि बरीचशी आखातात. आखातातली परत आली, घरं बांधली, आता पोरं तिकडे आहेत.

आमच्या बॅचला खाणी आणि औषध कंपन्या. आमच्यानंतरच्यांना वेर्णे आणि त्याच्याबरोबर बंगळूर-हैदराबाद. एकीनं आजोबांच्या जन्मदाखल्यावर पोर्तुगीज पासपोर्ट काढला आणि ब्रेक्झिटच्या आधी इंग्लंडात स्विंडनला गेली. गोदामात खोकी भरते, पैसे चांगले मिळतात, पण एम.एस्सी.चा उपयोग शून्य. स्मरणिकेत मात्र तिला पूर्ण पान, कारण इंग्लंड! आणि २०१० नंतरची बरीच मुलं 'लेक्चर बेसिस'वर अडकलेली. तासावर पैसे, मे महिन्यात काही नाही, जूनमध्ये पुन्हा मुलाखत. नेट-सेट, म्हणजे प्राध्यापकीच्या पात्रता परीक्षा पास झालेली मुलं सांगतेय मी.

जेवणाच्या रांगेत आमचा एक वर्गबंधू भेटला. बॉस्टनजवळ असतो, शाम्पू दाट करायची पॉलिमरं बनवतो. ताट हातात धरून म्हणाला, "अगो, अजून तिथेच?" हाच माणूस एम.एस्सी.चा निकाल लागला त्या दिवशी म्हणाला होता, "खाणीत कसली गो केमिस्ट्री?" मी खाण कंपनीच्या लॅबमध्ये लागणार होते, तरी तेव्हा गप्प बसले. ते आता इथे सांगते.

लोहखनिज जहाजात चढतं तेव्हा त्याचा भाव लोहाच्या टक्क्यावर ठरतो. नमुना वाळवायचा, दळायचा, हायड्रोक्लोरिक ॲसिडात विरघळवायचा, मग पोटॅशियम डायक्रोमेटनं टायट्रेशन, जांभळा रंग आला की थांबायचं. एक थेंब जास्त पडला की टक्का हलतो, आणि अख्ख्या जहाजावर तो लाखांत जातो. म्हणून नमुन्याचे वाटे करतात: एक विकणाऱ्याचा, एक घेणाऱ्याचा, एक सीलबंद, भांडण झालं तर तिसऱ्या लॅबला पाठवायला. आमचा आणि समोरच्याचा आकडा जुळला नाही की लवाद. आमच्या लॅबचे आकडे टिकायचे.

पण खरी गोष्ट ओलाव्याची. फाईन्समध्ये, म्हणजे खनिजाच्या बारीक भुग्यात, पाणी ठरलेल्या मर्यादेपेक्षा जास्त असलं तर वरून माल कोरडा दिसतो, पण समुद्रात जहाज हलायला लागलं की तोच माल चिखलासारखा वाहतो, एका बाजूला सरकतो आणि जहाज कलंडतं. २००९ च्या पावसाळ्यात मंगळूर आणि पारादीपजवळ असं खनिज भरलेली दोन जहाजं बुडाली. नेमका तो काळ चीनला कमी प्रतीचा मालही हवा असण्याचा. आमचं जहाज मुरगावला नांगर टाकून उभं, डेमरेज, म्हणजे जहाज खोळंबल्याचा दंड चढतोय, खनिज जहाजापर्यंत नेणाऱ्या बार्जी जेटीला लागलेल्या, आणि ढीग पावसाळाभर भिजलेला. ओव्हनमधून काढलेल्या नमुन्याचा आकडा मर्यादेच्या वर आला. मी तोच लिहिला.

मॅनेजर खाली आले. "बाई, ओव्हन बरोबर चालतोय ना?" म्हटलं, चालतोय. "मग नमुना ढिगाच्या वरच्या थरातून घ्या." वरचा थर उन्हानं सुकलेला, हे त्यांना माझ्याइतकंच ठाऊक होतं. मी वाद घातला नाही. पत्र्याचा एक डबा घेतला, ढिगाच्या पोटातला माल त्यात अर्ध्यापर्यंत भरला आणि त्यांच्यासमोर टेबलावर वीतभर उंचीवरून आपटत राहिले. जहाजावरचे कप्तान हीच चाचणी करतात, पंचवीस वेळा आपटायचा. इतकंही लागलं नाही. कोरडा लाल भुगा हळूहळू बसला, मग गुळगुळीत झाला, आणि मग त्याच्यावर पाणी चकाकायला लागलं. मॅनेजरनी डब्यात पाहिलं, माझ्याकडे पाहिलं आणि काही न बोलता फोन लावायला गेले. ढीग जेसीबीनं उलटापालटा करून उन्हात वाळवला, जहाज थांबलं. त्या वर्षी माझी पगारवाढ झाली नाही. कंपनीचं नाव कशाला घेऊ, आता ती जेटीही गवतात गेली. पण त्या जहाजावरची माणसं घरी पोचली. यात केमिस्ट्री कुठली, ते बॉस्टनवाल्यानं स्वतः शोधावं.

मेळाव्यात यातलं मी त्याला काही बोलले नाही. "हो, तिथेच" म्हटलं आणि कापं-भजी वाढून घेतली.

आता 'तिथेच' राहण्याची दुसरी बाजू. २०१२ च्या सप्टेंबरात सरकारनं खाणी थांबवल्या, ऑक्टोबरात सर्वोच्च न्यायालयाचा आदेश आला. डिचोली-सत्तरीत दारोदार ट्रक उभे, बँकेचे हप्ते चालू. आम्हाला आधी अर्धा पगार, मग स्वेच्छानिवृत्तीचा कागद. (पुढे खाणी थोड्या चालू झाल्या, २०१८ ला पुन्हा ८८ लिजं रद्द झाली, तो विषय वेगळा.) चाळिशी ओलांडल्यावर मी वेर्ण्याला एका औषध कंपनीत गुणवत्ता विभागात लागले. एचपीएलसी, म्हणजे औषधातले घटक वेगळे करून मोजायचं उपकरण, मला माझ्या निम्म्या वयाच्या मुलींनी शिकवलं. सहा महिने त्यांच्या हाताखाली काम केलं, आज त्यातल्या दोघी माझ्या हाताखाली आहेत. त्या दोघीही गोवा विद्यापीठाच्याच.

तर, गोव्यात राहून करिअर होतं. पण कुठल्या एका धंद्याच्या भरवशावर राहू नको, गोव्यात धंदे एका आदेशानं बंद होतात. सरकारी नोकरीच्या जाहिरातीची वाट बघत पाच-पाच वर्षं घरी बसणारी मुलं मी बघते, त्यांच्यासारखं तर मुळीच करू नको. नोकरी लावून देतो म्हणून पैसे मागणाऱ्यांपासून दूर राहा. २०२४ मध्ये अशी किती प्रकरणं पोलिसांत गेली, ते पेपरात वाचलंच असशील. एनआयओ किंवा वास्कोच्या ध्रुवीय संशोधन केंद्रात प्रकल्पावर जागा निघतात. त्या ठरावीक मुदतीच्या असतात, पण चांगल्या उपकरणांवर हात बसतो. तेवढ्यासाठी तरी जावं.

संशोधनच करायचं असेल, पीएच.डी. आणि पुढे, तर सरळ बाहेर जा. इथे मार्गदर्शक चांगले आहेत, पण विषय मोजके. हे मी रागानं म्हणत नाही. बॉस्टनवाल्यावर माझा राग आहे, बॉस्टनवर नाही.

आणि हेही सांगायला हवं की मला राहणं परवडलं, कारण डिचोलीला सासरचं घर होतं, भाडं नव्हतं, आणि खाण बंद झाली तेव्हा नवऱ्याचा पगार चालू होता. पर्वरीला किंवा पणजीत भाड्यानं राहून सुरुवातीच्या पगारात भागवायचं म्हटलं, तर माझा सल्ला तुला लागू पडेलच असं नाही. खाणीच्या पट्ट्यातल्या माझ्या बरोबरीच्या कितीतरी जणांचं २०१२ नंतर पुन्हा बस्तान बसलं नाही, हेही खरं.

जायचं ठरवलंस तर आधी एक काम कर. सरकारी जागेला पंधरा वर्षांच्या वास्तव्याचा दाखला मागतात आणि कोंकणी येणं सक्तीचं असतं. परत येऊन अर्ज करायचा मनात असेल तर बाहेरच्या वर्षांचं काय होतं, ते मामलेदार कचेरीत जाऊन विचार, ऐकीव माहितीवर जाऊ नको.

आणि वेर्ण्याकडे यायचं असेल तर बायोडेटात प्रोजेक्टचं लांबलचक नाव नको. कुठलं उपकरण स्वतः चालवलंस, बिघडलं तेव्हा काय केलंस, ते लिही. मुलाखतीला टेबलापलीकडे बऱ्याचदा आपल्याच विभागातून शिकलेली कोणीतरी बसलेली असते आणि ती पहिला प्रश्न तोच विचारते.