इंदूरच्या गच्चीसाठी माउंट घेताना

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: सुदामानगरात तिसऱ्या मजल्यावरची गच्ची, 150 मिमीचा न्यूटोनियन (आरशाची दुर्बीण, फोकल लेन्थ 750 मिमी), निकॉन डी5600 कॅमेरा, आणि सोबत आलेल्या ईक्यू3 माउंटवर (दुर्बीण पेलून ताऱ्यांमागे फिरवणाऱ्या बैठकीवर) तारे फोटोत रेघा होऊन येतात. आता एचईक्यू5 घ्यावा, ईक्यू6-आर घ्यावा, की नवा हार्मोनिक ड्राइव्हवाला (लवचिक गिअरचा, हलका)?

आधी ईक्यू3 ला दोष देणं थांबवू. तुमच्या कॅमेऱ्याचा पिक्सेल 3.9 मायक्रॉनचा. त्याला 206 ने गुणून 750 ने भागा, एक पिक्सेल म्हणजे साधारण 1.07 आर्कसेकंद (आर्कसेकंद म्हणजे अंशाचा 3600 वा भाग). आकाश सेकंदाला 15 आर्कसेकंद सरकतं. म्हणजे मोटार बंद असेल तर तारा एका सेकंदात चौदा पिक्सेल पळतो, आणि तुम्हाला तो तीन-तीन मिनिटं एका पिक्सेलच्या आत बसवायचा आहे. तो माउंट डोळा लावून शनी बघायला केलेला, त्याच्याकडून हे होणार कसं?

आता मुद्द्याचं. यूट्यूबवरची बहुतेक परीक्षणं 40-50 अंश अक्षांशावर बसून केलेली असतात. आपण 22.7 वर आहोत, आणि हा फरक भाव आणि पेलोडच्या (माउंट किती वजन पेलतो त्याच्या) गप्पांत कोणी सांगत नाही. विषुववृत्तीय माउंटचा मुख्य अक्ष ध्रुवाकडे रोखायचा असतो, म्हणजे इंदुरात तो जवळजवळ आडवा झोपतो. उज्जैनच्या वेधशाळेत सम्राट यंत्राची (मोठ्या सूर्यघड्याळाची) तिरपी भिंत पाहिली असेल. तिचा चढ उज्जैनच्या अक्षांशाइतका, 23 अंशांहून जरा जास्त. सवाई जयसिंहांनी दगडात बसवलेला अक्षच तो. पुढच्या वेळी महाकालला गेलात की त्या भिंतीकडे एकदा माउंट म्हणून बघा, माझं म्हणणं लगेच पटेल.

अक्ष असा झोपला की दोन भानगडी होतात. दोन्ही मी भोगल्यात.

पहिली काउंटरवेटची, म्हणजे दुर्बिणीचा तोल साधणाऱ्या वजनांची. लंडनला वजनाची दांडी सर्वांत खाली असताना उभ्या रेषेपासून 51 अंश लांब असते. आपल्याकडे जेमतेम 23. म्हणजे वजनं थेट ट्रायपॉडच्या उत्तरेकडच्या पायाशी लगट करतात. ऑक्टोबर 2024 मध्ये त्सुचिनशान-ॲटलस धूमकेतू संध्याकाळी पश्चिमेला दिसत होता. मी गच्चीवर सगळं मांडून बसलो, गायडिंग (छोट्या कॅमेऱ्याने एक तारा धरून माउंटची चूक सुधारत राहणं) छान चाललेलं, आणि धूमकेतू जसजसा खाली उतरला तसतशी दांडीही उतरली. आधी गायडिंगचा ग्राफ हलका तिरका झाला. मला वाटलं वारा असेल. मग कर्र असा आवाज आला, बघतो तर पाच किलोचं वजन पायाला टेकलेलं आणि मोटार त्याला ढकलतेय! पोलर अलाइनमेंट (अक्षाची ध्रुवाशी जुळणी) गेली, आणि ती पुन्हा जमेपर्यंत धूमकेतू समोरच्या इमारतीमागे. उपाय साधा आहे: वजनं दांडीवर वर सरकवून बॅलन्स साधेल इतकी जादा वजनं ठेवा, किंवा ट्रायपॉड आणि माउंट यांच्यामध्ये एक्स्टेन्शनचा खांब घाला. काही माउंटांत दिशा धरणारी खुंटी काढून दुसऱ्या बाजूला लावता येते. मग उत्तरेला दोन पाय येतात, वजन त्यांच्यामधून जातं आणि भारही नीट पेलला जातो. घेण्याआधी दुकानदाराला हे विचारा. त्याला माहीत नसेल तर माउंट 23 अंशांवर लावून दाखवायला सांगा.

दुसरी भानगड अक्षाचा चढ ठरवणाऱ्या उंचीच्या बोल्टांची. एक ढिला करायचा, मग दुसरा फिरवायचा, आणि शेवटचा फेरा नेहमी वर उचलत संपवायचा. मी घाईत मागचा ढिला न करता पुढचा दाबला आणि बोल्ट केळ्यासारखा वाकला. पोलोग्राउंडच्या एका लेथवाल्याकडून स्टेनलेस स्टीलचा करून घेतला, तो अजून टिकून आहे.

यानंतर वजनाचं. फोटोग्राफीसाठी लिहिलेल्या पेलोडच्या निम्म्या-साठ टक्क्यांत राहा, हा जुना ठोकताळा खरा आहे. तुमची नळी, रिंगा, कॅमेरा, गायडस्कोप (गायडिंगची छोटी दुर्बीण) मिळून सात किलोच्या आसपास जाईल. एचईक्यू5 ला फोटोसाठी सुमारे 11 किलो सांगतात, म्हणजे ठोकताळ्याच्या किंचित वर. पण वारा नसेल त्या रात्री निभतं. ईक्यू6-आर 20 किलो उचलतो, त्यावर तुमची दुर्बीण बिनघोर बसेल. पण त्याचं नुसतं डोकं 17 किलोचं, ट्रायपॉड आणि वजनं धरून 35 किलोचा संसार. तिसऱ्या मजल्यावर कायम ठेवणार असाल, वर पावसाळी शेड असेल, तर तोच घ्या. जानापावच्या बाजूला किंवा मांडूकडे अंधार शोधत जाणार असाल तर मनात तीनदा जिना उतरून बघा.

हार्मोनिकची हवा सध्या जोरात आहे. झेडडब्ल्यूओ कंपनीच्या एएम5 चं डोकं पाच किलोचं आणि काउंटरवेटशिवाय 13 किलोपर्यंत पेलतं, म्हणजे वर सांगितलेली पहिली भानगडच नाही. पण त्याची आवर्ती चूक (गिअरमुळे ठरावीक वेळाने परत येणारी) मोठी आणि झपाट्याने बदलणारी. वर्म गिअरच्या (मळसूत्राने फिरणाऱ्या दातेरी चाकाच्या) माउंटात ती संथ असते: ईक्यू6-आर च्या चाकाला 180 दात, नक्षत्र दिवसाचे (ताऱ्यांच्या हिशेबाने पृथ्वीच्या एका फेरीचे) 86164 सेकंद भागिले 180, म्हणजे दर 479 सेकंदांनी तीच लय परत. तिच्यामागे गायडर सहज चालतो. हार्मोनिकला गायडिंगशिवाय एक मिनिटही धड मिळणार नाही, आणि गायड एक्स्पोजर अर्ध्या-एका सेकंदाचं ठेवावं लागतं. लॅपटॉप नको, केबल नको असं वाटत असेल तर त्या वाटेला जाऊ नका. शिवाय हलक्या ट्रायपॉडवर सगळा भार एका बाजूला येतो. चैत्र-वैशाखातला माळव्याचा वारा संध्याकाळी सुटला की न्यूटोनियनची नळी शिडासारखी वागते, मांडणी कलंडायला वेळ लागत नाही. खाली वाळूची पिशवी टांगा.

कोणीतरी तुम्हाला अल्ट-अझिमथ गो-टू (वर-खाली आणि आडवा फिरून आपोआप लक्ष्य शोधणारा माउंट) सुचवला आहे. चंद्र आणि ग्रहांना चालेल. लांब एक्स्पोजरला नाही, कारण चित्र फिरतं, आणि आकाशाच्या त्याच भागात आपल्याकडे ते लंडनच्या जवळपास दीडपट वेगाने फिरतं.

माझं मत विचाराल तर एचईक्यू5, आणि पहिले सहा महिने त्यावर न्यूटोनियन चढवूच नका. कॅमेऱ्याला 135 मिमीची लेन्स लावून मृग टिपा. मृगातला तेजोमेघ आपल्याकडे 62 अंश वर येतो, लंडनला तो जेमतेम 33 अंशांपर्यंत चढतो. आणि ओमेगा सेंटॉरी हा तारकागुच्छ? वैशाखात दक्षिणेला 20 अंशांवर. लंडनवाल्याला जन्मात दिसायचा नाही.

राहिला ध्रुवतारा. तो आपल्याकडे इतका खाली की धूळ, शहराचा उजेड किंवा शेजाऱ्याची टाकी, काहीतरी आडवं येतंच. तो दिसत नसेल तर पोलर स्कोप (अक्षातली, ध्रुवतारा धरायची छोटी दुर्बीण) निरुपयोगी. तेव्हा निना या लॅपटॉपवरच्या प्रोग्राममधलं तीन बिंदूंचं अलाइनमेंट वापरा, ते आकाशाच्या कुठल्याही भागावरून होतं. पाच आर्कमिनिटांची (अंशाच्या बाराव्या भागाची) चूक राहिली तरी तारा मिनिटाला जास्तीत जास्त 1.3 आर्कसेकंद ढळतो, तेवढं गायडर ओढून घेतो. होकायंत्रावर सुरुवात करा, आपल्याकडे खऱ्या उत्तरेशी एका अंशाचाही फरक नाही. फक्त गच्चीतल्या सळयांपासून दूर धरा.

उद्या रात्री गच्चीवर जाऊन एवढं करा: हात लांब करून क्षितिजावर एकावर एक दोन मुठी ठेवा, वर अजून एक बोट-दीड बोट. तिथेच ध्रुव. टाकी आडवी येत असेल तर सांगा, मग खांबाच्या उंचीचं बोलू.