मॅच आपली, ब्रेक त्यांचे

प्रश्न : आमच्या घरात क्रिकेट म्हणजे पुरुषांचंच, बायकांची मॅच कुणी लावायचं नाही. पण 2025 च्या वर्ल्डकपला मी हट्टाने लावली, कारण स्मृती आमच्या सांगलीची. ऑस्ट्रेलियाच्या सेमीफायनलला जेमिमा शेवटी रडली तशी मीपण रडले, तर आमचे हे म्हणतात की एवढं काय, फायनल तर अजून बाकीय. माझं काही चुकलं का? आणि ओव्हर संपली की लगेच जाहिरात, डोकं उठतं हो, त्यावर काही इलाज?
- एक वाचक, सांगली

उत्तर : ताई, चुकतंय कसलं? त्या रात्री जो रडला नाही त्याने मॅच नीट बघितलीच नाही असं मी खुशाल म्हणेन. 338 केले होते ऑस्ट्रेलियाने, लिचफिल्ड एकटीचे 119. बायकांच्या वनडेत एवढा स्कोअर तोवर कुणीच चेस केला नव्हता. त्यात शेफाली लवकर गेली, मग तुमची स्मृती 24 वर रिव्ह्यूमध्ये गेली, म्हणजे सांगलीत निम्म्या घरांत तेव्हाच टीव्ही बंद झाले असणार. आणि मग ही वांद्र्याची पोरगी, जेमिमा. याच वर्ल्डकपमध्ये दोनदा शून्यावर गेलेली, इंग्लंडच्या मॅचला तर टीमबाहेर बसवलेली, आणि त्या दिवशी तिसऱ्या नंबरवर येऊन नाबाद 127. पन्नास झाले, शंभर झाले तरी काही सेलिब्रेशन नाही, नुसतं मान खाली घालून पुढचा बॉल. 82 वर असताना ऑस्ट्रेलियाच्या हिलीने तिचा सोपा कॅच सोडला तेव्हा माझ्या पोटात जो गोळा आला तो आपली कॅप्टन हरमन आउट होईपर्यंत काही गेला नाही, आणि ती आउट झाल्यावर तर दुसरा आला :) हरमनचे 89, दोघींची 167 ची पार्टनरशिप, आणि नऊ बॉल राखून अमनजोतचा चौका. नंतर जेमिमाने सांगितलं ना, की या वर्ल्डकपमध्ये ती जवळजवळ रोज रडायची म्हणून. मग आपण एक दिवस रडलो तर काय बिघडलं. तुमच्या ह्यांना सांगा, फायनलही जिंकलो की आपण, तीही सेमीफायनल झाली तिथेच नेरूळला, डी. वाय. पाटीलवर, 2 नोव्हेंबरला. आता बोला म्हणावं.

जाहिरातींचं मात्र खरंय, आणि तिथे मी पूर्ण तुमच्या बाजूने. होतं काय की मैदानावरची चित्रं आयसीसीची, सगळ्या जगाला तीच जातात, पण आपल्याकडचं चॅनेल त्यात ओव्हर संपली रे संपली की ब्रेक घुसवतं. त्यांनी हक्कांना पैसा ओतलाय, तो तिथूनच निघणार, कळतं मला. पण दोन ओव्हरच्या मधे खरं क्रिकेट असतं हो! कॅप्टन बोलरशी काय बोलते, पॉइंटची फिल्डर मागे का नेली, बॅटिंग करणाऱ्या दोघी पिचच्या मधे येऊन हसतायत की कपाळाला आठ्या. आपल्याला यातलं दिसतं काय, तर गुटख्याच्या नावाची वेलची. परत येतो तोवर बोलर धावत सुटलेली असते आणि नवीन फील्ड आपण बॉल गेल्यावर ओळखायची. विकेट पडल्यावर तर कहर, आउट झालेली बिचारी बाउंड्रीपर्यंत पोचतही नाही. इलाज नाही ताई, आवाज बंद करून तेवढ्यात चहाचं आधण टाका, मी तेच करतो.

प्रश्न : टी-20 वर्ल्डकपची 2024 ची फायनल गावी काकांकडे डीडी स्पोर्ट्सवर फुकट दिसत होती, आमच्याकडे डीटीएचवर तेच चॅनेल लावलं तर मॅचच नाही. असं का?
- एक वाचक, बीड

उत्तर : काकांकडे डीडी फ्री डिश असणार. 2007 च्या कायद्याने महत्त्वाच्या मॅचचं सिग्नल खाजगी चॅनेलला प्रसार भारतीला, म्हणजे दूरदर्शन चालवणाऱ्या सरकारी संस्थेला, द्यावंच लागतं. पण पुढे वाद असा झाला की तेच सिग्नल केबलवाले आणि डीटीएचवाले दूरदर्शनच्या चॅनेलमधून घराघरांत फुकट पोचवतात, मग ज्यांनी पैसे मोजले त्यांचं चॅनेल कोण घेणार? 2017 मध्ये सुप्रीम कोर्टाने सांगितलं की असं सिग्नल दूरदर्शनने फक्त स्वतःच्या अँटेनावाल्या प्रक्षेपणावर आणि फ्री डिशवर दाखवायचं. म्हणून पैसे भरणारे तुम्ही कोरडे आणि छपरावर फुकटची छत्री लावलेले काका बार्बाडोसला सूर्यकुमारचा कॅच बघतायत. काकांशी संबंध चांगले ठेवा.

प्रश्न : मोबाइलवर मॅच बघतो तर खालच्या मजल्यावरून ओरडा आधी येतो. सिक्स आहे की विकेट एवढंच ओळखायचं राहतं. नेट बदलू का?
- एक वाचक, डोंबिवली

उत्तर : नका बदलू, फार फरक पडणार नाही. अ‍ॅपवर मॅच काही सेकंदांच्या तुकड्यांत येते आणि मधे अडकू नये म्हणून फोन दोन-चार तुकडे आधी जमवून मगच दाखवतो. डिशवाल्यापेक्षा तुम्ही मागेच राहणार. एक तर हेडफोन घाला, नाहीतर सरळ खाली बघायला जा, फक्त जाताना भजी घेऊन जा.