३०० लिटरचा समुद्र आणि १ लाख १२ हजारांचे पंप

वाचकाचं पत्र, थोडक्यात: "मी ३६ वर्षांचा, बडोद्यात मकरपुरा जीआयडीसीत (औद्योगिक वसाहतीत) नोकरीला. हातात महिन्याला ६८,००० येतात. बायको शाळेत अर्धवेळ शिकवते, तिचे १४,०००. घराचा हप्ता २१,५००, घरखर्च ३८,००० च्या आसपास, एसआयपी ५,०००. एफडी १ लाख ४० हजारांची. आई आमच्याकडेच असते, ७२ वर्षांची. चार फुटी काचेची टाकी आणि खाली सम्प (पाणी गाळायची दुसरी टाकी) करून घेतला आहे, त्यात खाऱ्या पाण्याची रीफ टाकी, म्हणजे प्रवाळांची टाकी करायची आहे. पाणी फिरवायला मोटर काचेबाहेर असणारे दोन भारी वेव्हमेकर प्रत्येकी ४२,००० आणि रिटर्न पंप २८,०००, असे १ लाख १२ हजारांचे पंप बारा महिन्यांच्या नो-कॉस्ट ईएमआयवर मिळत आहेत. साधे वेव्हमेकर ८,५०० लाही आहेत. दुकानदार म्हणतो, पुढे ॲक्रोपोरा (एक दगडी प्रवाळ) ठेवायचे असतील तर एकदाच चांगलं घ्या. बायको म्हणते, पैसे पाण्यात घालतोयस. काय करू?"

नमस्कार.

वहिनी म्हणतात ते शब्दशः खरं आहे, पण तेवढ्यावर निकाल देत नाही. हौसेला मी खर्चाच्या रकान्यात मानाची जागा देतो. माझा भाचा गेली सहा वर्षं खाऱ्या पाण्याची टाकी सांभाळतो आहे. तुमचं पत्र घेऊन एका रविवारी त्याच्याकडे बसलो आणि आकडे मांडले. पाण्याचं ज्ञान त्याचं, पैशाचं माझं.

त्याचा पहिलाच प्रश्न होता, "टाकीत राहणार कोण?" प्रवाळ जागचा हलत नाही. त्याचं अन्न आणि प्राणवायू पाण्यानं आणून द्यायचा, त्याची घाणही पाण्यानंच उचलून न्यायची. अंगालगतचा पाण्याचा पातळ थर बदलत राहिला नाही तर तो गुदमरतो, म्हणून हे पंप. आता प्रवाह किती हवा? हौशी मंडळी टाकीतलं पाणी तासाला किती पट फिरतं यावर मोजतात. लेदर, मश्रूम, झोअँथिड अशा मऊ मंडळींना १० ते २० पट पुरतं. मोठ्या पॉलिपच्या (पॉलिप म्हणजे प्रवाळातला एकेक जीव) दगडी प्रवाळांना २० ते ३० पट लागतं, आणि ॲक्रोपोरासारख्या बारीक पॉलिपवाल्यांना ४० पट आणि त्याहून वर. तुमची टाकी १२० × ५० × ५० सेंटीमीटर, म्हणजे काठोकाठ ३०० लिटर. दगड टाकल्यावर पाणी त्याहून कमीच राहणार. मऊ प्रवाळांसाठी तुम्हाला तासाला ३,००० ते ६,००० लिटरची हालचाल हवी. तुमच्या कोटेशनमधला एकेक भारी पंप १५,००० लिटरचा आहे. दोन मिळून ३०,०००, म्हणजे १०० पट. एवढ्या झोतात मश्रूम दगडावरून सुटून कोपऱ्यात जाऊन बसतील. मग तुम्ही पंप कायम सर्वात खालच्या वेगावर चालवाल आणि वरच्या वेगाचे पैसे फुकट भरलेले असतील.

आता ॲक्रोपोराचं. इथे दुकानदारानं तुम्हाला अर्धंच सांगितलं आहे. खडक बांधणारे सगळे दगडी प्रवाळ, शिवाय काळे प्रवाळ, अग्निप्रवाळ, ऑर्गन पाइप प्रवाळ आणि समुद्रपंखे वन्यजीव संरक्षण कायदा, १९७२ च्या पहिल्या अनुसूचीत आहेत, म्हणजे वाघाच्या पंक्तीला. त्या अनुसूचीतल्या जिवाबाबत गुन्हा सिद्ध झाला तर तीन ते सात वर्षांची कैद आहे. आपल्याच राज्यात जामनगरजवळ कच्छच्या आखातात १९८२ साली देशातलं पहिलं सागरी राष्ट्रीय उद्यान झालं ते याच प्रवाळांना राखण्यासाठी. "परदेशातून आलाय, फार्मचा आहे" असं कोणी सांगितलं तर कागद मागा, आणि तो कागद वकिलाला दाखवल्याशिवाय पुढे जाऊ नका. सांगायचं एवढंच, की ज्या ॲक्रोपोरासाठी ८४,००० चे वेव्हमेकर घ्यायचे, तो ॲक्रोपोराच तुमच्या ताळेबंदात धरता येत नाही. दगडही खऱ्या प्रवाळाचा घेऊ नका, सिरॅमिकचा किंवा सिमेंटचा घ्या.

तरीही भारी पंपांची बाजू मांडतो, कारण ती आहे. मोटर काचेबाहेर आणि पंखा आत, दोघांना जोडणारं चुंबक. यात मोटरची बरीचशी उष्णता पाण्यात न जाता खोलीत जाते, आणि पाण्यात विजेची वायर उतरत नाही. इकोटेकच्या व्होर्टेकनं ही रचना लोकप्रिय केली. पाण्यातला भाग झिजला की तेवढाच बदलता येतो. पाच वर्षांचा हिशेब घालून पाहिला. आकडे माझ्या अंदाजाचे आहेत, तुमचे घालून पाहा. ८४,००० ची जोडी, मध्ये एकदा आतले भाग बदलायला १४,०००, शेवटी विकून २५,००० आले असं धरू. पदरचे गेले ७३,०००. साधी जोडी १७,००० ची आणि दर दोन वर्षांनी नवी घ्यावी लागली, तर पाच वर्षांच्या वाट्याला ४२,५०० येतात. म्हणजे दुकानात ६७,००० चा दिसणारा फरक खरा ३०,००० च्या आसपास आहे. भारी पंप वाटतो तितका महाग नाही, हे मला मान्य करावं लागलं.

पण हे पाच वर्षं टाकी चालली तर. खाऱ्या पाण्याच्या किती टाक्या दीड वर्षात रिकाम्या होऊन त्यात पुन्हा गोल्डफिश आले, ते भाच्याकडून ऐका. टाकी बंद पडली तर साध्या जोडीत तुमचे १७,००० अडकतात, भारी जोडीत निम्मी किंमत आली तरी ४२,००० जातात. शिवाय हौस फिटलेल्यांचे भारी पंप बाजारात विकायला येतातच. दीड वर्षानंतर तुमची टाकी शेवाळानं हिरवीगार नसून, नीट रुळलेल्या टाकीसारखी गुलाबी-जांभळी असेल, आणि हॉलमधल्या घरघरीनं वहिनी वैतागलेल्या असतील, तेव्हा असाच एखादा चालवून बघून घ्या. तोपर्यंत ८,५०० वाले दोन. मात्र डीसी आणि वेग कमी-जास्त करता येणारे, ६,००० लिटरचे. दोन्ही समोरासमोरच्या काचांवर, निम्म्या वेगावर, आलटून पालटून. एकच मोठा घेण्यापेक्षा दोन बरे, एक बंद पडला तरी दुसरा रात्र काढतो.

गंमत म्हणजे जिथे थोडे जास्त पैसे घालायला हवेत तो पंप तुमच्या पत्रात एका ओळीत येऊन गेला: रिटर्न पंप. सम्पमधून पाणी वर चढवायचं काम त्याचं, चोवीस तास, बाराही महिने. एक वॉट वर्षभर चालला की ८.७६ युनिट जळतात. बिलात सगळं मिळून युनिटला साडेसात रुपये धरले तर वॉटमागे वर्षाला साधारण ६६ रुपये. आता साडेसहा हजारांचा ७५ वॉटचा एसी पंप आणि तेरा हजारांचा ३० वॉटवर तेच काम करणारा डीसी पंप शेजारी ठेवा. फरक ४५ वॉटचा, वर्षाला जवळजवळ ३,००० रुपये. जास्तीचे साडेसहा हजार सव्वादोन वर्षांत वसूल. त्यातही बुडालेल्या पंपानं खाल्लेली वीज शेवटी पाण्याची उष्णता होते. टाकी २४ ते २७ अंशांत ठेवायची आणि बडोद्याचा मे ४२-४३ ला जातो. ती उष्णता काढायला चिलर पुन्हा वीज खाणार. म्हणजे पंपाच्या वॉटचे पैसे उन्हाळ्यात दोनदा जातात. २८,००० वाल्याची गरज नाही, तेरा हजारांच्या गटातला घ्या. डब्यावरचा लिटरचा आकडा शून्य उंचीचा असतो. तुमच्याकडे पाणी साधारण १.४ मीटर चढणार आहे, तेव्हा त्या उंचीला तासाला ९०० ते १,५०० लिटर देईल असा आलेख बघून निवडा. सम्पमधून ३ ते ५ पट पुरे, लाटांचं काम वेव्हमेकरचं.

उरलेल्या पैशांतला पहिला रुपया मात्र लाइट जाण्यासाठी राखा. २०१९ चा ३१ जुलै आणि २०२४ चा ऑगस्ट विसरला नसाल. विश्वामित्री नदी सोसायट्यांत शिरली तेव्हा भाच्याकडे, बडोद्यातल्याच अकोट्यात, दोन दिवस लाइट नव्हती. त्याच्या घरी इन्व्हर्टर होता, पण टाकी त्यावर जोडलेलीच नव्हती! रात्रभर तो आणि बायको आळीपाळीनं तांब्यानं पाणी उचलून उंचावरून ओतत बसले. मासे वाचले, दोन मोठे लेदर गेले. टाकीत अंधार दोन दिवस चालतो, थांबलेलं पाणी काही तासांतच जीव घेतं. तुमच्याकडे १५० एएचची बॅटरी असेल तर १,८०० वॉट-तास. निम्मेच धरा, ९००. इन्व्हर्टर स्वतःच १५ वॉट खातो असं समजा, एक वेव्हमेकर १५ वॉटचा. तीस तास निघतात, पंखे आणि टीव्ही बंद ठेवलेत तर. त्या एका पंपासाठी इन्व्हर्टरचा वेगळा पॉइंट काढून घ्या, आणि टाकीच्या सगळ्या लाइनवर ३० मिलिॲम्पिअरची आरसीसीबी, म्हणजे वीज गळताच लाइन तोडणारा स्विच. मिठाचं पाणी आणि वीज यांच्यामध्ये काटकसर करायची नसते.

हे सगळं, पंखा-इम्पेलरचा एक सुटा संच धरून, ३५,००० च्या आत बसतं. आता ते कुठून आणायचे?

ईएमआयवर नको. १ लाख १२ हजारांचा हप्ता ९,३३३ चा. तुमच्याकडे आज महिन्याला १७,५०० उरतात, त्यातले निम्म्याहून जास्त वर्षभर गेले, आणि अजून चिलर, दिवे, पाण्यातली घाण फेसातून काढणारा स्किमर, पाणी शुद्ध करणारा आरओ-डीआय, मीठ यायचंच आहे. नो-कॉस्ट म्हणताना व्याज सवलत म्हणून वजा दाखवतात, पण त्या व्याजावर १८ टक्के जीएसटी आणि बँकेची प्रोसेसिंग फी तुमच्याच खिशातून जाते. रोखीत सुटली असती ती सूटही गेली. ज्या गावात सयाजीराव महाराजांनी १९०८ साली बँक ऑफ बडोदा काढली, त्या गावच्या माणसानं एवढं तरी वाचूनच सही करावी.

एफडीला हातही लावू नका. हप्ता आणि घरखर्च मिळून तुमचे ५९,५०० जातात. १ लाख ४० हजार म्हणजे सव्वादोन महिने. मला सहा महिने दिसायला हवेत, साडेतीन लाखांच्या पुढे. उरणाऱ्या १७,५०० पैकी १०,००० दर महिन्याला तिकडे आणि ७,५०० टाकीला. पाच महिन्यांत पंप रोखीनं. घाई नाहीच, कारण नव्या टाकीत पाणी पिकायला, म्हणजे घाण पचवणारे जिवाणू रुजायला महिना-दीड महिना लागतोच, आणि त्या काळात रिटर्न पंप आणि एक वेव्हमेकर पुरतो. दुसरा नंतर.

आणखी एक, विचारलं नाहीत तरी. आईंचं आयुष्मान वय वंदना कार्ड काढलंत का? सत्तरीच्या पुढच्यांना उत्पन्नाची अट नाही, वर्षाला ५ लाखांपर्यंतचे उपचार. नसेल काढलं तर पंपाच्या दुकानाआधी त्या कामाला जा.

मग पाणी भरल्यावर एका दुपारी मेन स्विच पाडा. वरचं पाणी पाइपमधून उलटं खाली येऊन सम्पमध्ये मावतं का ते बघा. भरवसा पाणी उलटं येऊ न देणाऱ्या एकट्या चेक व्हॉल्व्हवर नको, त्यात गोगलगाय अडकते. पाइपचं तोंड पाण्याच्या पातळीच्या जेमतेम खाली ठेवा आणि पहिल्यांदा बघताना फरशीवर जुनी पोती अंथरून ठेवा.